खडकावरच्या कुरडया

आधी आभार मानते, मग काय झालं ते सांगते. उलट केलं तर आभार मानायचे राहून जातील अशी मला भीती वाटते, आणि मला भीती कशाचीही वाटते. तर, माझा जीव आणि माझी नोकरी एकाच सकाळी वाचवली ती एका कोळणीनं. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गेटापाशी ती मासळीची पाटी घेऊन बसायची. मी तिला मावशी म्हणायचे. बिल्डिंगमधली माणसं तिला काहीच म्हणायची नाहीत. नाकाला रुमाल लावून तिच्यासमोरून जायची आणि वर पोचल्यावर पापलेट आणायला नोकराला खाली पाठवायची.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी निफाड तालुक्यातल्या एका गावातून मुंबईला आले होते. आठवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, लग्नही सुटलं, आणि मी भावाच्या घरी परत आले. भाऊ चांगला होता. भावजयही चांगली होती, फक्त मी जेवायला बसले की तिला भाकऱ्या मोजायची सवय होती. मग ओळखीतून ओळख निघाली आणि मुंबईतल्या एका मॅडमना 'आपल्याकडची, विश्वासू, कुरडया-पापड येणारी' बाई हवी आहे असं कळलं. मी गव्हाचं पोतं, आईचा पितळी सोऱ्या आणि दोन लुगडी घेऊन निघाले. भावजयीनं माझी ट्रंक ठेवायची जागा त्याच दुपारी धान्याच्या कोठीला दिली. आमच्याकडे कामं फार पटापट होतात.

मुंबईतल्या त्या वस्तीचं नाव सांगत नाही. तिथली माणसं ओळखतील आणि रागावतील, आणि रागावलेल्या माणसांचं मला अजून भय आहे. समुद्राच्या अगदी काठावर उंच उंच इमारती, पुढे फिरायला दगडी फरसबंदी रस्ता, आणि त्या रस्त्यापलीकडे समुद्रात एक भला मोठा काळा, सपाट खडक. हा खडक म्हणजे तिथलं दैवत. सगळ्या इमारती त्याच्याकडे तोंड करून उभ्या. ज्या घरातून खडक पूर्ण दिसतो ते घर थोर, ज्यातून अर्धा दिसतो ते बरं, आणि ज्यातून दिसत नाही त्या घरातली माणसं लिफ्टमध्ये हळू बोलायची. आमच्या मॅडमना खडक पूर्ण दिसायचा. पाहुणा आला की त्याला पाणी नंतर, आधी खडक.

मी पहिल्या दिवशी तो दगड नीट बघून घेतला. म्हटलं, यात असेल काहीतरी. तसाच काळा फत्तर आमच्या वावरात होता. माझ्या वडिलांनी अर्धं आयुष्य पहार घेऊन तो उपटून बांधावर टाकण्यात घालवलं, कारण त्यात नांगर मोडायचा. हा दगड बघायला लोक जन्मभराची कमाई लावतात हे वडिलांना कळलं असतं, तर त्यांनी बांधावर खुर्च्या टाकल्या असत्या.

मॅडम मनानं वाईट नव्हत्या. "घरच्यासारखी राहा हं," असं त्यांनी मला सांगितलं आणि घरातल्यांची लिफ्ट कोणती, माझी कोणती, घरातल्यांचे कप कोणते, माझा कोणता, ते दाखवलं. त्यांचं मूळ नाशिकचं. म्हणजे त्यांचे आजोबा नाशिकचे. त्या स्वतः नाशिकला द्राक्षं खायला दोनदा गेल्या होत्या. पण मुलीचं लग्न ठरल्यावर त्यांचं नाशिक एकदम जागं झालं. रुखवत कसं, अगदी आपल्याकडच्यासारखं हवं. विकतचं काही नको. रंगीत कुरडया हव्यात, गुलाबी आणि हिरव्या, चांगल्या परातभर मोठ्या. "तुझ्या हातच्या," त्या म्हणाल्या, "गावाकडं करतात अगदी तश्शा."

मला इतका आनंद झाला की लगेच काळजी वाटायला लागली.

गहू भिजवले, वाटले, चीक काढला. इथवर सगळं ठीक होतं. प्रश्न वाळवायचा. सोसायटीचा नियम असा की समुद्राच्या बाजूच्या गॅलरीत काही म्हणजे काही वाळत घालायचं नाही. इमारतीची शोभा जाते. मागच्या बाजूला ऊन यायचं नाही, ते बहुधा खडक बघायला पुढे जायचं. गच्ची होती, पण गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी म्हणाले, "टेरेस फंक्शनसाठी आहे." मी म्हटलं, "साहेब, लग्नाचंच आहे." ते म्हणाले, "वेट आयटम अलाऊड नाही."

मॅडमना विचारलं तर त्या फोनवर होत्या. फोनवर हात ठेवून म्हणाल्या, "कुठेही वाळव गं, मला तेवढं विचारू नकोस. आणि परवा बॉक्स भरायचेत, तोवर तयार पाहिजेत. नाही जमलं तर आत्ताच सांग. मग मी दुसरी बाई बघते, तुला गाडीत बसवून देते. काही जबरदस्ती नाही."

जबरदस्ती नव्हतीच. फक्त गाडी नाशिककडे जायची होती, आणि तिकडे माझ्या ट्रंकेच्या जागी कोठी होती.

आता माझी चूक सांगते. ती कोणत्याही शिकलेल्या माणसाला करता आली नसती, त्याला निफाडचंच डोकं लागतं. आमच्याकडे पाटाला पाणी येतं ते पाळीनं. पाटकरी सायकलवर येऊन सांगतो की अमुक दिवशी पाट सुटणार. मग पाट भरून वाहतो, लोक उसाला, द्राक्षाला पाणी भरतात, आणि एके दिवशी वरून बंद होतो. बंद झाला की झाला. पुढच्या पाळीपर्यंत पाटाच्या तळाशी पोरं खेळतात, बाया गोधड्या वाळत घालतात. मुंबईला येऊन मला थोडेच दिवस झाले होते. दिवाणखान्यात फरशी पुसताना खिडकीतून मी बघितलं होतं की कधी त्या खडकाभोवती पाणी असतं, कधी नसतं. माझ्या मनानं सरळ हिशेब लावला, की समुद्रालाही पाळी असणार. वरून कुणीतरी सोडत असणार.

त्या सकाळी समुद्र पार लांब गेला होता. खडक काठापर्यंत कोरडा, स्वच्छ, तापायला लागलेला. मी गेटवरच्या भय्याला विचारलं, "पानी बंद हो गया क्या?" तो पेपर वाचत होता. म्हणाला, "हां, उतर गया." झालं. आमच्या पाटकऱ्यापेक्षा त्याचा युनिफॉर्म चांगला होता, मी विश्वास ठेवला.

गरम चिकाचं पातेलं, सोऱ्या आणि दोन धुतलेली लुगडी घेऊन मी माझ्या लिफ्टनं खाली उतरले आणि जाऊन बसले त्या खडकावर. ज्या दगडाकडे बघायला सगळ्या वस्तीनं तोंड केलं होतं, त्याच्या बरोबर मधोमध. एका लुगड्यावर गुलाबी कुरडया घातल्या, दुसऱ्यावर हिरव्या. काय ऊन होतं! काय वारा! मला वाटलं, इतकी चांगली जागा यांनी नुसती बघायला ठेवली आहे, काय म्हणावं यांना.

वरच्या रस्त्यावर फिरायला आलेली माणसं थांबायला लागली. एक बाई कुत्र्याला घेऊन कठड्याशी आल्या आणि त्यांनी विचारलं, "ये कौन से गॉड की पूजा है?" मी लाजून म्हटलं, "लग्नाची." त्यांनी कुत्र्याला नमस्कार करायला लावला.

कावळे हाकलत मी बराच वेळ बसले. वरची बाजू धरायला लागली होती. आणि मग माझ्या पायाला गार लागलं.

बघितलं तर खडकाच्या कडेनं पाणी आत येत होतं. आवाज नाही, गडबड नाही, मालकासारखं. मी आलेले तो वाळूचा पट्टा दिसेना. मी पहिल्यांदा काय केलं असेल? इकडेतिकडे पाटकरी शोधला. हे सांगताना आज हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

वर गर्दी वाढली. त्या सगळ्या माणसांचे मी इथे मनापासून आभार मानते, कारण सल्ला देण्यात त्यांनी काही कमी केलं नाही. "डावीकडून या!" "नाही, डावीकडे डीप आहे, राइट, राइट!" "घाबरू नका!" एका साहेबांच्या हातात मोबाईल होता. तेव्हा तो थोरामोठ्यांकडेच असायचा. कुणीतरी म्हणालं, "फायर ब्रिगेडला लावा ना." साहेब म्हणाले, "रेंज नाही," आणि फोन खिशात ठेवला. तेव्हा फोन करायलाही भारी पैसे पडत, आणि मी काही त्यांच्या ओळखीची नव्हते. एकानं माझा फोटो काढला. खडक पूर्ण आला असेल अशी आशा आहे.

तेवढ्यात खालच्या अंगानं, पाण्यातूनच, आवाज आला.

"अगो ए बाय! मरायचाय का तुला? पानी भरतंय ना!"

मावशी. कमरेला कासोटा, डोक्यावर टोपली. ओहोटीला ती पलीकडच्या दगडांवर कालवं काढायला यायची, ती परत निघाली होती. गुडघाभर पाण्यातून ती माझ्याकडे चालत आली, जशी मी ओट्यावरून चुलीकडं जाते.

"मावशी, पाणी कधी बंद करतील?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "कोन बंद करील?"

"वरून. ज्यांनी सोडलंय त्यांनी."

तिनं डोक्यावरची टोपली सावरली. मग म्हणाली, "वरून सोडलंय त्याच्याशी आपली वळख नाय. तू ऊठ."

मी उठले, पण लुगड्याचा काठ सोडेना. "मावशी, या कुरडया लग्नाच्या हायेत. परवा द्यायच्या हायेत. या गेल्या तर माझी नोकरी गेली. मला परत जायला जागा नाय हो."

"आनि तू गेलीस तर?"

"मी गेले तर चालंल."

"चालंल म्हनं!" मावशी ओरडली. "कोनाला चालंल? पोलीस माझी पाटी उचलतील ना, तू इथं बुडलीस तर! म्हनतील, कोळनीनं बघितली आनि बुडू दिली." आणि माझ्याशी वाद घालत बसण्यापेक्षा तिनं डोक्यावरची टोपली उतरवली, सगळी कालवं धडाधडा पाण्यात ओतली, त्या टोपलीत माझा सोऱ्या आणि पातेलं टाकून ती पाठीला बांधली आणि गुलाबी लुगड्याची दोन टोकं पकडली. "धर तिकडची. ताठ धर. खाली बघायचं नाय, माझ्या तोंडाकडं बघायचं. आनि पाय उचलायचा नाय, सरकवायचा."

हिरव्यांकडे मी बघितलं. "दोन्ही नाय जमायचं," ती म्हणाली. "एक घे."

मग आम्ही निघालो. ती उलटी चालत होती, मी सरळ. मध्ये ताणलेलं लुगडं, त्यावर गुलाबी कुरडया, अंतरपाट आडवा धरावा तसं. पाणी गुडघ्यावरून मांडीला, मांडीवरून कमरेला आलं. हात डोक्याच्या वर. माझे हात खाली यायला लागले की मावशी शिव्या द्यायची, त्यात नवे शब्द इतके होते की मी भीती विसरून ऐकत राहिले. मागे वळून पाहिलं तेव्हा हिरवं लुगडं खडकावरून हळूच उठलं आणि पसरून निघालं. त्याच्याभोवती पाणी क्षणभर हिरवं झालं. वरच्या लोकांनी "ओऽऽ" केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खडकाजवळ काहीतरी घडलं होतं, त्यांचे पैसे वसूल झाले.

काठावर पोचलो तेव्हा टाळ्या वाजल्या. मावशीनं वर बघितलं आणि म्हणाली, "टाळ्या काय वाजवता? हात द्या वर यायला!" कुणीही हात दिला नाही, कारण ती ओली होती आणि तिला वास येत होता. आम्ही पायऱ्यांपर्यंत वळसा घालून गेलो.

वर गॅलरीतून मॅडमनी सगळं बघितलं होतं. मी ठिबकत मागच्या दारात उभी राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, माझ्यासाठी. "अगं, सगळी सोसायटी बघत होती!" त्या म्हणाल्या. "आपल्या घरचं काम, असं खडकावर! लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "मॅडम, गुलाबी वाचल्या." त्या खुर्चीत बसल्या. "परवा सकाळी कोरड्या, अख्ख्या आणि वास न येणाऱ्या कुरडया दिसल्या, तर मी काही बोलणार नाही. नाहीतर तू आणि तुझं नाशिक."

लुगडं घेऊन मी परत खाली गेले. मावशी गेटावर पदर पिळत होती.

"काय म्हनाली?"

"वाळवायला जागा नाय, मावशी."

तिनं पदर खोचला. लुगड्याचं एक टोक धरून चालायला लागली.

त्या इमारतींच्या मागेच, समुद्र आत वळतो तिथं, कोळीवाडा होता. एक भिंत मध्ये. इकडे खडकाचं दैवत, तिकडे बोंबलाचा वास. इमारतींनी त्या वासाची किती वेळा तक्रार केली होती! मावशीच्या अंगणात बांबूंच्या वलांड्या उभ्या होत्या आणि त्यांच्यावर जोडीजोडीनं बोंबील टांगलेले, अर्धे वाळलेले. तिनं ते उतरवायला सुरुवात केली. सून दारातून बाहेर आली.

"आई, काय करता? आज ऊन हाय तर!"

"आत ठेव."

"आत कुजतील ना! पावसाचं तोंड जवळ आलंय. आपलं काय?"

"बोंबलाला लगीन नाय लागायचं," मावशी म्हणाली. "हिच्या कुरडयांना लागायचं. चल, पानी आन."

नळाचं धरून ठेवलेलं गोडं पाणी सुनेनं आदळआपट करत आणलं. मावशीनं अंगण चार वेळा धुतलं, चुना मारला, बांबू पुसले, आणि वर स्वतःच्या लग्नातला शालू अंथरला. मी नको नको म्हणत होते. "गप बस गो," ती म्हणाली, "तुझ्या बाईचं नाक लांबून वास घेतं." दोन दिवस कुरडया तिथं वाळल्या. दोन दिवस तिचे बोंबील घरात पोत्याखाली पडून राहिले. मला त्यांचं काय झालं ते तेव्हा तिनं सांगितलं नाही. सुनेनं नंतर सांगितलं. बरेचसे खताला गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी प्रत्येक कुरडई उचलून नाकाशी धरली. शेवटची खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बरंय." मी राहिले. माझा कप, माझी लिफ्ट, माझी खोली, सगळं राहिलं. आयुष्यात इतकं मोठं 'बरंय' मला कुणी म्हटलेलं नाही.

रुखवतात कुरडया मधोमध मांडल्या होत्या. खायच्या नसतात त्या, बघायच्या असतात. थोडक्यात, त्यांचाही खडक झाला. मॅडम व्याह्यांकडच्या बायकांना सांगत होत्या, "ऑथेंटिक आहेत. समुद्रावर सन-ड्राय केल्यात. आपल्या रॉकवर." त्याच मॅडमच्या तोंडून हे ऐकताना मी सरबताचा ट्रे घेऊन मागे उभी होते. एका बाईंनी विचारलं, "फिशचा वास नाही ना येत?" मॅडम म्हणाल्या, "छे! आमच्या बाजूला फिश नाहीच."

पुढच्या आठवड्यात समुद्राच्या कठड्यावर पाटी लागली, खडकावर काही वाळत घालू नये अशी. माझ्यामुळे लागलेली ती एकुलती एक पाटी. मला वाचता येते, म्हणून बरं.

त्या घरात मी बरीच वर्षं काढली. नंतर नाशिकला परतले, भावाकडे नाही, शहरात. चार बायका मिळून उन्हाळी पदार्थ करतो. एका कॉलनीत वरच्या मजल्यावर राहते, गच्ची माझ्याच ताब्यात, किल्ली माझ्याच कमरेला. कुणी वेट आयटम आणला की मी आनंदानं दार उघडते.

नाशिकला आल्यावर काही वर्षांनी एकदा कुरडया घेऊन मावशीला भेटायला गेले. खडक होता तिथंच होता, त्याला दिवे लावले होते. भिंत मात्र आणखी उंच झाली होती. मावशीच्या अंगणात कुणाची तरी गाडी उभी होती. वलांड्या नव्हत्या.

"वाळवत नाय आता," मावशी म्हणाली. "जागा सुशोभित केली. बेंच टाकलाय, बघ. बस त्याच्यावर."

आम्ही दोघी त्या बेंचवर बसलो. समोर खडक, पूर्ण दिसत होता. भरती चढत होती.

"कुठं वाळवता मग?" मी विचारलं.

"नाय गो. विकत आनतो. कोळनीच्या घरात विकतचे बोंबील!" ती हसली, आणि हसता हसता मधेच थांबली. मग पाण्याकडे हात करून मला म्हणाली, "बघ, सोडलं वरून."

मी आणलेल्या कुरडया तिच्या मांडीवर ठेवल्या. बोलायचं ते सगळं बसमध्ये बसल्यावर सुचलं, नेहमीसारखं. म्हणून इथं लिहून ठेवते. मावशी, एका वैशाखात मी तुम्हाला आणि तुमच्या बोंबलांना नाशिकला घेऊन येणार आहे. माझी गच्ची मी चार वेळा धुईन, बांबू बांधीन, आणि जोडीजोडीनं बोंबील टांगायला स्वतः हात लावीन. गल्ली नाक धरील, कॉलनीची मीटिंग बसेल, माझ्या कुरडयांची गिऱ्हाइकं पुढची चार दारं ओलांडून जातील. जाऊ देत. मला भीती वाटेल, ती मला वाटतेच. तरी ते बोंबील पुरते, कडकडीत वाळेपर्यंत त्या गच्चीवर एकही कुरडई घातली जाणार नाही.